कुत्रं की लांडगा

सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापकांनी जातीची व्याख्या सांगितली. जे प्राणी आपापसात संग करतात, आणि ज्यांच्या पिल्लांना पुढं पिल्लं होतात, ते एका जातीचे. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, पण खेचराचा वंश तिथंच थांबतो. म्हणून घोडा वेगळा, गाढव वेगळं. एवढंच. मला ही व्याख्या इतकी आवडली की पुढं महिनाभर मी ती दिसेल त्या प्राण्याला लावून बघत होतो. नवी सुरी हातात आली की माणूस दिसेल ते चिरत सुटतो, तसं ते होतं. विसाव्या वर्षी एवढी आढ्यता शोभते, असं लोक म्हणतात. माझी एका माणसाच्या जिवावर बेतली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि एवढी वर्षं मी ही हकीकत निम्मीच सांगत आलो.

आमचं घर पूर्वेकडच्या कोरड्या माळावरचं, मेंढरं राखणारं. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. आईवडील मी लहान असतानाच गेले. थोरल्या चुलत्यांनी आणि चुलतीनं मला वाढवलं. त्यांना मी आबा म्हणायचो आणि तिला थोरली. त्यांना मूलबाळ नव्हतं. दसरा झाला की कळप घेऊन ती दोघं कृष्णाकाठाकडं उतरायची. तिकडचे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला खत मिळतं आणि मेंढक्याला त्या बदल्यात धान्य. एकोणीसशे चाळीसनंतरच्या त्या वर्षांत महायुद्ध चालू होतं. कुंडलच्या आसपासच्या घरांतली तरणी पोरं पलटणीत गेलेली, काही भूमिगत झालेली, बंदुका पोलिसांनी जमा करून घेतलेल्या. त्या हिवाळ्यात आमचा तळ कुंडलच्या डोंगराखाली एका माळावर पडला होता. सांगलीहून रेल्वे जवळ, म्हणून शनिवारी दुपारी मी तिकडं जायचो आणि सोमवारी सकाळी वर्गात हजर व्हायचो.

तळावर एक कुत्रा होता. त्याला नाव नव्हतं. आबा त्याला नुसतं 'त्यो' म्हणायचे. त्याची आई आमची जुनी कुत्री. दोन वर्षांपूर्वी माजावर असताना ती आठ दिवस माळावर नाहीशी झाली आणि परत आली ती गाभण होऊन. चार पिल्लं झाली. तीन तिच्यासारखी पिवळट, चौथं राखी रंगाचं, लांब पायांचं, शेपूट कायम खाली सोडलेलं. ते कधी भुंकलं नाही. उन्हं कलली की माळाकडं तोंड करून गळा काढायचं, आणि त्यासरशी कळपातली मेंढरं चरायची थांबायची. शेजारच्या तळावरची माणसं आमच्याकडं आली की त्याच्याकडं पाठ करून बसत नसत. एकदा एका म्हाताऱ्यानं आबांना सरळ सांगितलं, "गड्या, ह्ये मारून टाक. ह्ये कुनाचं हाय ते तुला ठावं हाय."

आबा म्हणाले, "ठावं हाय म्हनूनच ठेवलंय."

आबांची लांडग्याबद्दल एक पक्की समजूत होती, आणि आमच्याकडं ती घरोघर होती. लांडगा येतो, वर्षाला चार-दोन मेंढरं नेतो, तो त्याचा हिस्सा. मेंढक्याच्या अंगाला मात्र तो तोंड लावत नाही. "त्यो बी मेंढरावरच जगतोय, आमी बी मेंढरावरच. त्यो आमाला कशाला चावंल?" असं आबा म्हणायचे. त्यांच्या सगळ्या आयुष्यात हे खोटं ठरलेलं नव्हतं. तेव्हा ते खरंच होतं असं म्हणायला हवं.

मी वर्गात हात वर करून विचारलं होतं, "सर, आमच्या तळावर लांडग्यापासून झालेला कुत्रा आहे, आणि त्याच्यापासून गेल्या वर्षी पिल्लंही झाली. मग व्याख्येप्रमाणं कुत्रा आणि लांडगा एकच जात होते. पुस्तकात मग दोघांना दोन लॅटिन नावं का?" वर्ग हसला. प्राध्यापक हसले नाहीत. ते म्हणाले, "एक तर नावं चुकली आहेत, नाही तर तुम्ही बघण्यात चुकला आहात. नीट बघा. मोजमापं घ्या. मग मला येऊन सांगा." त्या दिवसापासून तो कुत्रा माझा झाला. मी त्याच्या डोक्याची लांबी सुतळीनं मोजली, पंजे चिखलात उठवून कागदावर काढून घेतले. थोरली बघत बसायची. "त्येचं काय माप घेतोस? त्येला सदरा शिवायचाय व्हय?" असं म्हणायची.

पौषातला एक रविवार. मी तळावर होतो. मेंढरांभोवती आम्ही वाघूर लावतो, म्हणजे खुंट्यांवर ताणलेलं दोरीचं जाळं. उजाडायला थोडा वेळ होता, पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. मला जाग आली ती मेंढरांच्या धावपळीनं. ओरडणं काहीच नव्हतं. घोंगडं फेकून मी उठेपर्यंत आबा वाघरीच्या आत गेले होते आणि थोरली जाळ्याशी उभी होती. एक राखी पाठ मेंढरांमधून खाली-वर होत गेली, आबा खाली पडले आणि ती पाठ जाळ्यावरून उडी टाकून ओढ्याकडं दिसेनाशी झाली. मी पाहिलं ते एवढंच. त्या जनावरानं कसलाही आवाज केला नव्हता.

आबांच्या डाव्या गालाला आणि मनगटाला दातांच्या जखमा होत्या. दोन मेंढ्या फाडल्या होत्या, त्यातली एक तासाभरात गेली. थोरलीनं आबांचा गाल पाण्यानं धुऊन काढला आणि धुता धुताच म्हणाली, "लांडगा हुता."

"न्हाई," आबा म्हणाले. "लांडगा मला कशाला चावंल? आपलाच त्यो. डोकं फिरलं असंल."

आमचा कुत्रा जागेवर नव्हता. चांगलं ऊन पडल्यावर तो ओढ्याच्या बाजूनं आला. उजवा कान फाटलेला, रक्त मानेवर वाळलेलं. आला तो सरळ थोरलीच्या पायाशी येऊन बसला. आबांनी हात पुढं केला तर हात चाटला.

थोरली म्हणाली, "ह्येचा कान कुनी फाडला मग?"

मी म्हणालो, "वाघरीत अडकला असेल, थोरली. उडी मारताना."

"ह्यो रोज उडी मारतोय. कवा अडकला न्हाई." ती माझ्याकडं वळली. "ह्ये बग, ह्यो जवळ आला की आदी मला हुंगतो. आज जे आलं त्येनं माझ्याकडं बगितलं बी न्हाई, आन् चाल बी तिरकी हुती. लांडगा हुता, आन् पिसाळलेला हुता. त्ये ह्येला बी चावलंय."

आज मी हे लिहितो तेव्हा तिनं काय केलं ते मला दिसतं. तिनं नीट बघितलं होतं. प्राध्यापकांनी मला जे करायला सांगितलं होतं ते तिनं केलं होतं. मी मात्र मनातल्या मनात सोमवारच्या वर्गात उभा होतो. अर्धा लांडगा, अर्धा कुत्रा. दोन वर्षं माणसात राहिला आणि एका पहाटे त्याच्यातला लांडगा वर आला. यापेक्षा चांगली गोष्ट मला वर्गात सांगायला मिळणार नव्हती. आबांच्या गालातून रक्त येत होतं आणि मला आतून आनंद झाला होता, हे मी पहिल्यांदाच कबूल करतो आहे. "अंधारात चाल कुठली दिसते तुला?" मी तिला म्हणालो. ती पुन्हा आबांचा गाल धुऊ लागली.

पिसाळलेलं जनावर चावलं की मिरजेला जायचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मेंढरं टाकून थोरलीला निघता येईना. ती आम्हाला गाडीवाटेपर्यंत पोचवायला आली आणि आबांना म्हणाली, "डाक्टरला लांडगा म्हनून सांगा. आवं, आईकताय न्हवं?" आबांनी मान हलवली.

मिरजेच्या एका दवाखान्यात वयस्क डॉक्टर होते. त्यांनी जखमा औषधानं जाळल्या. आबांनी दात आवळून धरले, आवाज काढला नाही. मग डॉक्टरांनी वही उघडली आणि विचारलं, "काय चावलं? कुत्रं, कोल्हा की लांडगा?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कुत्रं असेल तर त्याला बांधून ठेवा. चावताना ते पिसाळलेलं असेल तर दहा दिवसांच्या आत मरणार. दहा दिवस धडधाकट राहिलं तर भीती नाही, सुया तिथंच थांबवू. लांडगा असेल तर तो काही बांधायला सापडत नाही. मग सगळ्या सुया घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, आणि जखम तोंडावर आहे म्हणून वर आणखी. "तेव्हा विचार करून सांगा," ते म्हणाले.

आबा म्हणाले, "अंधार हुता, सायेब. मला आपलाच वाटला. पर मंडळी म्हनतीया लांडगा हुता, आन् तिची नजर लय चांगली हाय." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यो ह्येच शिकतोय कालिजात. ह्येला इचारा. ह्यो सांगंल ते खरं."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "कुत्रं."

एवढंच म्हणून थांबलो नाही. आमच्या कुत्र्याची सगळी कुळकथा सांगितली, व्याख्यासुद्धा सांगितली, तीही इंग्रजीतून. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे बांधून ठेवता येईल असं जनावर आहे," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. आबांचा चेहरा सैल झाला. लांडग्यानं त्यांना दगा दिला नव्हता, आणि पुतण्या डॉक्टरांशी इतकं इंग्रजी बोलला होता.

आबा मिरजेत धर्मशाळेत राहून रोज पोटात सुई घ्यायचे. मी कॉलेज बुडवून तळावर थांबलो. कुत्र्याला साखळीनं बाभळीला बांधलं आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर पाण्याचं भांडं ठेवायचो. तो प्यायचा. भाकरी टाकली की खायचा. डोळे स्वच्छ, लाळ नाही. पाचव्या दिवशी मी कागदावर तसं लिहून ठेवलं, सातव्या दिवशीही. थोरली येता-जाता बघायची. "ह्यो जगनारच दहा दिस," एकदा ती म्हणाली. "ह्यो चावलाच न्हाई तर मरंल कशाला?" मी ऐकलं. पाण्याच्या भांड्याकडं बघत राहिलो. ती म्हणते ते खरं असेल तर या दहा दिवसांना काही अर्थच नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही असं मला म्हणता येत नाही. पण वहीत कुत्रं लिहून झालं होतं, आणि ते खोडायचं तर आधी मी चुकलो म्हणायला हवं होतं.

दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत होता. मी तसा निरोप घेऊन मिरजेला गेलो, सुया थांबल्या, आणि आबा परत आले. पोट सुजलेलं, पण खुशीत. आल्या आल्या त्यांनी स्वतः साखळी सोडली. तो त्यांच्याभोवती दोनदा फिरला आणि मग थोरलीकडं गेला.

पुढचा आठवडा मी सांगलीत होतो. वर्गात ती गोष्ट सांगितली. लांडगा वर आल्याची. प्राध्यापकांनी एकच विचारलं, "तुम्ही तेव्हा दोन्ही जनावरं शेजारी-शेजारी पाहिली होती का?" मी म्हणालो, दुसरं जनावर नव्हतंच. ते फळ्याकडं वळले.

त्या शनिवारी तळावर पोचलो तेव्हा थोरली वाटेतच उभी होती. दोन मेंढ्या फाडल्या होत्या त्यातली जगलेली मेंढी सकाळपासून वेगळी वागत होती. मी जाऊन बघितलं. ती एका खुंटाला डोकं घासत होती, स्वतःची लोकर दातांनी उपटत होती. ओरडायला तोंड उघडायची पण घोगरा वारा तेवढा बाहेर पडायचा. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. पलीकडं दहा हातांवर आमचा कुत्रा सावलीत झोपला होता, चांगला गुबगुबीत.

मेंढी पिसाळली होती आणि कुत्रा पिसाळला नव्हता. मग मेंढीला चावलं ते दुसरं जनावर. इतका सोपा हिशेब होता. थोरलीनं तो पहिल्या दिवशीच केला होता. त्याच दिवशी कुंडलहून आलेल्या एका माणसानं सांगितलं की पंधरवड्यापूर्वी उसात एक लांडगा मरून पडला होता, तोंडाला फेस, अंग काट्यांनी फाटलेलं. मी कुत्र्याला पुन्हा साखळी घातली. कडी थोरलीनं लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला. या वेळी मेंढरं शेजारच्या तळावर सोपवून थोरलीही आली होती. ती बाहेर व्हरांड्यात बसली. डॉक्टरांनी जुनं पान काढलं. "इथं कुत्रं लिहिलं आहे," ते म्हणाले. मी सांगितलं काय झालं ते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त टाक उचलला आणि म्हणाले, "पुन्हा सुरू करू. बघू." पहिल्याच पानावर लांडगा लिहिलं असतं तर आबा वाचले असते का? ते कुणालाच सांगता येत नाही, त्या रोगाला सुयांनी नेहमीच आवरतं असं नाही. पण वाचायची जी काही संधी होती ती त्या दहाव्या दिवशी आम्ही बंद केली, आणि ती बंद करायला लावणारा मी होतो.

पाचव्या सुईनंतर आबा म्हणाले, "गालाला मुंग्या आल्यासारकं हुतंय." जखम केव्हाच भरली होती. ते बोटांनी तो गाल चोळत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना वारा सोसेना. कुणी दार उघडलं तरी दचकायचे. संध्याकाळी थोरलीनं तांब्या पुढं केला. आबांनी तो दोन्ही हातांत घेतला. त्यांना तहान लागली होती, ओठ कोरडे पडले होते. तांब्या तोंडाशी नेला आणि त्यांची मान आपोआप मागं फेकली गेली, जणू कुणीतरी केस धरून ओढलं. पाणी सगळं अंगावर. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग तांब्या खाली ठेवला आणि आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांनी पिसाळलेली जनावरं आयुष्यभर पाहिली होती. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

त्यांना दवाखान्याच्या मागच्या एका खोलीत हलवलं. शुद्ध शेवटपर्यंत होती, हेच त्या रोगाचं वाईट. मधे मधे झटका ओसरला की नीट बोलायचे. एकदा मला म्हणाले, "खरं सांग. आपला हुता का लांडगा?"

"लांडगा, आबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल, निदान आपल्या कुत्र्यानं केलं नाही म्हणून. पण ते म्हणाले, "मग लांडग्यानंच इमान न्हाई पाळलं." पुढं त्यांना धड बोलता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

कुत्रा तेरा-चौदा दिवस आणखी जगला. एका सकाळी त्यानं पाणी पिणं सोडलं, आणि साखळीला बांधलेलाच मेला. फाटलेल्या कानातून त्यालाही ते मिळालं होतं. पण लोकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. बघा, म्हणाले, शेवटी कुत्रंच पिसाळलं. म्हाताऱ्याला त्यानंच खाल्लं. तळातळावर हीच हकीकत पसरली. ती खोटी आहे हे तळांवर दोघांनाच माहीत होतं, मला आणि थोरलीला.

तळ हलवायच्या दिवशी ती वाघूर गुंडाळत होती. मी खुंट्या उपटून देत होतो. तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, "मी सांगून धाडलं हुतं लांडगा म्हनून. डाक्टरला कुत्रं कुनी सांगितलं?"

मला वेळ होता. ती जाळं गुंडाळत होती, घाई करत नव्हती. एक शब्द बोलायचा होता.

मी म्हणालो, "आबाच म्हणाले."

तिनं गाठ मारली, दातानं घट्ट ओढली. "व्हय," ती म्हणाली. "म्हनलं असतील. माझं कवा आईकलंय त्येंनी."

पुढं मी शिकलो, प्राणिशास्त्रच शिकवलं. सुट्टीत तिच्याकडं जायचो. कुणी पाहुणा आला आणि विषय निघाला की ती सांगायची, "त्येंनीच सांगितलं डाक्टरला कुत्रं म्हनून. मी सांगून धाडलं हुतं, पर सोभाव आडमुठा. पोरगं बिचारं काय करनार?" कधी कधी तिचा आवाज चढायचा, मेलेल्या नवऱ्याशी भांडल्यासारखा. ती वीस वर्षं आबांवर रागावून राहिली आणि त्या रागातच गेली. प्रत्येक वेळी मी तिथं समोर बसलेला असायचो, आणि ती मला आणखी एक भाकरी वाढायची.